अर्ध्या घरात लाइट, अर्ध्यात नाही. एमसीबी सगळे वर. बिघाड कुठे शोधायचा?

वाईकरीण
आईबाबांकडे वाईला आले आहे. जुनं दुमजली घर, थ्री फेज कनेक्शन, मीटर बाहेर व्हरांड्यात. काल संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि त्यानंतर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वरची मागची खोली बंद. पुढची खोली, देवघर, जिना, वरची पुढची खोली मात्र ठणठणीत. शेजारी दोन्हीकडे लाइट आहे. एमसीबी एकही पडलेला नाही, सगळे खाली-वर करून झाले.

विचित्र भाग असा, की बंद म्हणजे पूर्ण बंद नाही. स्वयंपाकघरातला एलईडी मिणमिणतो, पण फ्रिज सुरू केला की तोही विझतो. सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर छान पेटतो. बाबांचं एकच पालुपद, "करंट आहे, मग लाइट का नाही?" आमचे नेहमीचे वायरमन काका गावाला गेलेत, उद्या दुपारी येतील. तोवर मी काय बघू शकते आणि कशाला अजिबात हात लावू नये? मल्टिमीटर आहे, कॉलेजात वापरलाय. डीबी (एमसीबी असतात ती पेटी) मात्र कधी उघडलेला नाही.

टेस्टर_बहाद्दर
एक फेज गेलाय, दुसरं काही नाही. बोर्डावर फेजचे गोल सिलेक्टर असतील ना? बंद पडलेला सिलेक्टर चालू फेजवर फिरवा, विषय संपला. आमच्याकडे पावसाळाभर हेच चालतं.

निवृत्त_विद्युत
सिलेक्टरला हात लावण्याआधी थांबा. ज्या खोल्या चालू आहेत तिथले दिवे नेहमीपेक्षा प्रखर दिसतात का? पंखा जास्त जोरात फिरतोय? टीव्हीतून किंवा चार्जरमधून वास? यातलं एक जरी असेल तर आधी मेन स्विच पाडा, बाकीचं नंतर वाचा.

कारण सांगतो. थ्री फेज घरात प्रत्येक फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) यांच्यात २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये सुमारे ४००. फेज गेला तर त्याच्यावरचं घर अंधारात जातं, उपकरणं सहसा वाचतात. मेनचा न्यूट्रल तुटला तर वेगळाच खेळ सुरू होतो. तिन्ही फेजवरचा लोड आपापसात व्होल्टेज वाटून घेतो. जिथे लोड कमी तिथे ३००च्या वर जातं, जिथे जास्त तिथे शंभरावर येतं. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, "अर्धं घर मंद". पण दुसऱ्या प्रकारात चालू असलेलं अर्धं घर जळायच्या बेतात असतं. म्हणून आधी चालू बाजू मोजायची, बंद बाजू नंतर.

वाईकरीण
पुढच्या खोलीत २३१, वरच्या पुढच्या खोलीत २२९. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तेवढेच. दिवे नेहमीसारखे. मेन चालूच ठेवलाय.

निवृत्त_विद्युत
उत्तम. स्थिर २३० म्हणजे मेन न्यूट्रल शाबूत आहे असं सध्या धरायला हरकत नाही. आकडे वर-खाली नाचायला लागले तर मात्र माझं हे वाक्य रद्द समजा.

रानातला_वायरमन
ताई, टेस्टर पेटला म्हणून करंट हाय असं धरू नका. निऑनचा टेस्टर आपल्या अंगातनं जाणाऱ्या इवल्याशा करंटवर पेटतो. शंभराच्या आसपास व्होल्ट असले तरी लागतो. तार आत कुठं जळून केसभर टेकलेली असली तरी लागतो. त्याला एवढंच कळतं की कायतरी हाय. किती हाय आणि त्याच्यात दम हाय का, ते त्याला कळत नाय.

डिजिटल मीटर पण फसवतो. तो करंट ओढतच नाय, मग तुटक्या वायरवर शेजारच्या वायरीचं भूत ४०-९० व्होल्ट दाखवतं. आमी अजून होल्डरला दोन वायरी जोडून बल्ब फिरवतो. बल्ब फुल पेटला तर सप्लाय खरा. फक्त तो बल्ब दोन फेजमध्ये लावायचा नाय, ४०० व्होल्टला फुटतो तोंडावर.

वाईकरीण
म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मग मोजू कसं?

अमीटर
डीबी न उघडता बरंच कळेल. बंद खोलीत एक एक्स्टेन्शन बोर्ड लावा. त्यात जुना तारेचा बल्ब असलेला टेबल लॅम्प चालू ठेवा, एलईडी नको. बाकी सगळं त्या बाजूचं काढून टाका. मग त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या, लॅम्प लावून आणि लॅम्प काढून: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मीटर एसी व्होल्टवर आणि लाल पिन व्होल्टच्याच भोकात आहे ना हे दोनदा बघा. ती चुकून अँपिअरच्या भोकात राहिली तर तो सरळ शॉर्ट असतो.

लोडवर फेज-न्यूट्रल पडलं पण फेज-अर्थ २३०च राहिलं, तर त्या सर्किटचा न्यूट्रल सुटलाय. अशा वेळी न्यूट्रल-अर्थमध्ये मोठा आकडा दिसेल. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही पडले, तर दोष फेजच्या रस्त्यात आहे. अर्थिंग धड असेल तरच हे खरं, जुन्या घरात ते गृहीत धरू नये. आधी चालू खोलीत फेज-अर्थ मोजून २३०च्या आसपास येतंय ना बघा.

फ्लॅटवाला_डोंबिवली
थोडं अवांतर. आमच्याकडे सिंगल फेज आहे. मागे एका खोलीत सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागायचा. मी दोन फेज आले म्हणून घाबरलो. ते काय असतं?

अमीटर
न्यूट्रल सुटलेला. फेज चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून पलीकडे न्यूट्रलच्या तारेत येऊन थांबतो, पुढे रस्ता नसतो. त्या खोलीची सगळी बटणं बंद केली की दुसऱ्या भोकातला टेस्टर विझतो. ही ओळख पक्की आहे.

वाईकरीण
मापं घेतली. पुढच्या खोलीत फेज-अर्थ २२८, म्हणजे अर्थिंग ठीक.
स्वयंपाकघर, लॅम्प काढून: फेज-न्यूट्रल २१९, फेज-अर्थ २१८, न्यूट्रल-अर्थ २.
लॅम्प लावून: फेज-न्यूट्रल ३७, फेज-अर्थ ३६, न्यूट्रल-अर्थ २. लॅम्पची तार नुसती लालसर.
वरची मागची खोलीही तशीच.

२१९ बघून मी म्हणणार होते की सगळं बरोबर आहे!

निवृत्त_विद्युत
हेच सांगायचं होतं. लोडशिवाय मोजलेलं व्होल्टेज घरातल्या बिघाडाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. मोडका सांधा मीटरला २१९ दाखवतो आणि साध्या बल्बला ३७ देतो. तुमचा एलईडी मिणमिणतो तो यामुळेच. त्याला जेमतेम ४० मिलिअँपिअर लागतात, तेवढे त्या सांध्यातून झिरपतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या कैकपट मागतो, मग सगळंच कोसळतं.

फ्रिज त्या फेजवर पुन्हा लावू नका. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता हुंकारत करंट ओढत बसतो आणि तापतो. चांगल्या जाड वायरचं एक्स्टेन्शन पुढच्या खोलीतून आणा आणि त्याच्यावर एकटा फ्रिज चालवा. बंद बाजूचे एमसीबी पाडून ठेवा, म्हणजे तो सांधा विनाकारण तापत राहणार नाही.

टेस्टर_बहाद्दर
मग सिलेक्टर फिरवला तर काय बिघडतं? फेजच गेलाय हे तर आता सिद्ध झालं.

निवृत्त_विद्युत
एका रात्रीपुरतं, दोन दिवे आणि पंख्यासाठी, काही नाही बिघडत. पण लोक फिरवतात आणि विसरतात. सकाळी गिझर, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं एका फेजवर. जुन्या घरांत दोन-तीन फेजच्या सर्किटना मिळून एकच न्यूट्रल फिरवलेला सापडतो. वेगवेगळ्या फेजचे करंट न्यूट्रलमध्ये बऱ्यापैकी एकमेकांना मारतात, म्हणून तो टिकलेला असतो. सगळं एका फेजवर आणलं की तेच करंट बेरीज होऊन त्या एका तारेतून परततात, आणि न्यूट्रलवर ती बेरीज थोपवणारा एमसीबी नसतो. दर पावसाळ्यात सिलेक्टर फिरवावा लागतोय म्हणजे तुमच्याही घरात शोधण्यासारखं काही आहे.

गल्लीतला_डीपी
मला वाटतं हे डीपीवरचं, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचं असावं. पाऊस झाला की डीओ (त्याच्यावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडतो, आमच्याकडे नेहमीचं. सरळ १९१२ला, वीज तक्रारीच्या नंबरवर, फोन करा.

अमीटर
डीओ उडाला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. डीपीच्या ११ केव्ही बाजूचा एक डीओ गेला, की खालच्या बाजूचा एक फेज नीट २३० राहतो आणि उरलेले दोन फेज साधारण निम्म्यावर, ११५च्या आसपास येतात. ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असतो, म्हणजे वरच्या बाजूची प्रत्येक गुंडाळी दोन फेजमध्ये जोडलेली असते. वरचा एक फेज नसला की एका गुंडाळीला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेल्या दोन एकामागे एक जोडल्यासारख्या होऊन तेवढंच व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटून घेतात. म्हणजे "एक फेज चांगला, दोन मंद", आणि तेही साऱ्या गल्लीत. इथे उलट आहे: दोन चांगले, एक मेलेला, आणि शेजारी सगळे ठीक.

डीपीच्या खालच्या बाजूचा फ्यूज गेला तरी त्या फेजवरचे शेजारी अंधारात जातील. शेजाऱ्यांचं सिंगल फेज असेल आणि ते दुसऱ्या फेजवर असतील तर मात्र त्यांच्याकडे लाइट असूनही तुमचा फेज गेलेला असू शकतो. शेजारी लाइट आहे एवढ्यावर निकाल लावू नये.

वाईकरीण
शेजाऱ्यांचं सिंगल फेजच आहे. मग कसं ठरवायचं? खांबाचा प्रश्न की आमचा?

निवृत्त_विद्युत
विजेचा मीटर बघा, नुसता बघा, सील किंवा झाकण छेडू नका. थ्री फेज डिजिटल मीटरवर प्रत्येक फेजची खूण असते, आर-वाय-बीचे (लाल-पिवळा-निळा) तीन दिवे किंवा स्क्रीनवर तीन चिन्हं. एक विझलेलं किंवा लुकलुकणारं असेल तर तो फेज मीटरपर्यंतच आलेला नाही. तेव्हा काम वीज कंपनीचं, तक्रार नोंदवा. तिन्ही असतील तर बटण दाबत स्क्रीन पुढे सरकवा, बऱ्याच मीटरवर तिन्ही फेजचं व्होल्टेज दिसतं. आणि हे बघताना स्वयंपाकघरातला तो लॅम्प चालू हवा, नाहीतर पुन्हा तेच, फसवे २१९.

न्यूजर्सीकर
वाचतोय. आमच्याकडे अमेरिकेत थ्री फेज घरात नसतो, पण "अर्धं घर बंद" हा प्रकार अगदी रोजचा. ट्रान्सफॉर्मरमधून १२०-१२० व्होल्टच्या दोन उलट्या बाजू येतात, दोन्हींमध्ये मिळून २४०. पॅनेलमध्ये ब्रेकर एकाखाली एक या बाजू आलटून-पालटून घेतात. त्यामुळे एक बाजू गेली की घराचा डावा-उजवा भाग जात नाही, खोल्या तुकड्या-तुकड्याने जातात. गंमत म्हणजे ओव्हन चालू केला की मेलेल्या खोल्यांत मंद उजेड येतो, कारण ओव्हनचा २४० व्होल्टचा एलिमेंट जिवंत बाजूचा करंट मेलेल्या बाजूला पोचवतो. ओव्हन लावल्यावर दिवे उगवले तर समजायचं, एक बाजू गेली. आमच्याकडे दोष मीटरच्या खाचेतल्या जळक्या चिमट्यात निघाला होता, ते काम कंपनीच्या माणसाचंच.

अमीटर
आपल्याकडे हाच खेळ थ्री फेज मोटर करते. म्हणून विचारतो, वाईकरीण, बोअरची मोटर थ्री फेज आहे का? असेल तर स्टार्टर बंदच ठेवा. दोन फेजवर ती घुमते, फिरत नाही, आणि गुंडाळी जाळून घेते. शिवाय गेलेल्या फेजवर खोटं व्होल्टेजही आणून ठेवते.

वाईकरीण
बोअर नाही, नळाचं पाणी आणि सिंगल फेजची अर्ध्या एचपीची मोटर, ती पुढच्या बाजूवर आहे.

मीटर पाहिला. लॅम्प चालू ठेवूनही तिन्ही दिवे पेटलेले. स्क्रीनवर २३०, २३१, २२९. म्हणजे मीटरच्या अलीकडे, आमच्याच बाजूला?

मीटरखाली हँडल असलेली एक लोखंडी पेटी आहे, तिथून वायर आत डीबीकडे जाते. पेटीवर भिंतीची ओल आली आहे. आता आई सांगते, महिनाभर गिझर लावला की स्वयंपाकघरातला दिवा दबत होता. हे कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही!

रानातला_वायरमन
झालं. त्या पेटीतच हाय. आईंनी निदान आधीच केलंवतं.

जुना आयसीटीपीएन मेन हाय तो, लोखंडी पेटीतला तीन फेजचा मेन स्विच. आत तीन चिनी मातीचे ग्रिप असतात, फ्यूजची तार धरणारे. बहुतेक वेळा फ्यूजची तार शाबूत असते, पण ग्रिपचं पितळी पान ढिलं होऊन काळं पडलेलं असतं. नायतर अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर स्क्रूखाली दबून ढिली झालेली असते. गरम-गार, गरम-गार होऊन अॅल्युमिनियम दबत जातं, वर त्याला थर चढतो.

पण ताई, पेटी उघडू नका. हँडल खाली केलं की आतला स्विच तुटतो, पण मीटरकडनं आलेल्या वरच्या तीन टोकांत करंट तसाच राहतो. ते फक्त खांबावर बंद होतं. उघड्या पेटीत हात घालून बरीच माणसं अशीच गेली.

निवृत्त_विद्युत
पूर्ण सहमत. वास येतोय का एवढं लांबूनच बघा. जळका वास, तडतड किंवा धूर दिसला तर रात्रभर थांबू नका. त्या पेटीला हात न लावता डीबीतला मेन पाडून लोड काढा आणि १९१२ला कळवून खांबावरून सप्लाय बंद करून घ्या.

गिझर लावला की दिवा दबतो, हे लक्षण लोकांना माहीत असतं पण ते "व्होल्टेज कमी असेल" म्हणून सोडून देतात. हिशेब बघा. २ किलोवॅटचा गिझर, सांध्यात फक्त १ ओहमचा अडथळा. करंट साडेआठच्या जवळपास. त्या एका स्क्रूवर ७० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त, आणि तीही बंद पेटीत. दिव्यावर मात्र फरक दिसतो जेमतेम ८ व्होल्टचा. एमसीबी यात पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट कमी झालाय. एमसीबी जास्त करंटला पडतो, वाईट सांध्याला नाही.

वाईकरीण
वास नाही, आवाज नाही. बंद बाजूचे एमसीबी पाडलेत. फ्रिज पुढच्या खोलीतून. आईने चहा गॅसवर केला, मिक्सरशिवाय चटणी पाट्यावर वाटली. काका आले की लिहिते.

वाईकरीण
काका आले. कंपनीच्या माणसाला बोलावून खांबावरून सप्लाय बंद केला आणि मग पेटी उघडली. निळ्या फेजचा ग्रिप काढला तर पान एका बाजूने खाल्लेलं, काळं, आणि चिनी मातीला तडा. फ्यूजची तार खरंच शाबूत! पाण्याचा ओघळ वरून नेमका त्याच ग्रिपवर आलेला, पितळ हिरवं पडलेलं. पण काका म्हणाले, पावसाने फक्त शेवटचा धक्का दिला, पान आधीपासूनच जळत होतं. लाल फेजचा स्क्रूही अर्धा फेरा ढिला निघाला.

सध्या नवीन ग्रिप टाकून चालू केलंय. काका पेटीच बदला म्हणतात. काय घ्यावं?

रानातला_वायरमन
चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा) एमसीबी घ्या, बंद प्लॅस्टिक पेटीत, कनेक्शनच्या लोडाप्रमाणे. अॅल्युमिनियम वायर सरळ त्याच्यात खुपसायची नाय, तांबं-अॅल्युमिनियमचा बायमेटल लग (वायरीच्या टोकाची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, लावायचा. वायर खालनं वळसा देऊन पेटीत आणायची, म्हणजे पाणी वळशावरनंच गळून जातं, आत जात नाय. पेटी ओल्या भिंतीवरनं हलवता आली तर लय बरं.

अमीटर
बसवल्यावर काकांना एक माप घ्यायला सांगा. गिझर चालू असताना एमसीबीच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं व्होल्टेज, त्याच पोलवर. चांगल्या एमसीबीवर मिलिव्होल्टमध्ये येतं. एक-दोन व्होल्ट दिसले तर तो पोल किंवा स्क्रू खराब. हे माप त्यांनीच घ्यायचं, तुम्ही नाही.

निवृत्त_विद्युत
चार पोलमध्ये एक सावधगिरी: न्यूट्रल त्याच्या ठरलेल्या पोलवरच हवा आणि त्याचा स्क्रू सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा आवळून बघा. फेजचा स्क्रू ढिला राहिला तर एक तृतीयांश घर बंद पडेल. न्यूट्रलचा राहिला तर टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं एकदम जाईल. जमलं तर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले मेनवर बसवून घ्या.

फ्लॅटवाला_डोंबिवली
आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीत फेज आणि न्यूट्रल दोन्हींना ग्रिप फ्यूज आहे. मघाचं वाचून शंका आली. हे चालतं का?

निवृत्त_विद्युत
नाही. न्यूट्रलला फ्यूज नसावा. तो आधी उडाला तर खोली बंद होते, पण सगळ्या सॉकेटमध्ये आणि होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि माणूस "लाइट गेलीय" म्हणून बल्ब बदलायला चढतो. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलच्या जागी सरळ लिंक टाकून घ्या. किंवा दोन्ही ग्रिप काढून दोन पोलचा एमसीबी बसवा, त्यात दोन्ही तारा एकदमच तुटतात.

फ्लॅटवाला_डोंबिवली
रविवारी बोलावतो.